भिंतीवरचं कॅलेंडर

स्टॉक फोटो म्हणजे कोण वापरणार, कशासाठी वापरणार हे ठाऊक नसताना काढून ठेवलेला फोटो. जाहिरात, पाठ्यपुस्तक, बँकेचं माहितीपत्रक, कुठेही तो चालला पाहिजे. ही कला हलकी आहे असं मी मानत नाही. चार्ल्स ओरिअर यांनी १९९६ साली कॅलिफोर्नियातल्या सोनोमा भागात काढलेला हिरव्या टेकडीचा फोटो आठवा. मायक्रोसॉफ्टने तो विकत घेतला आणि २००१पासून विंडोज एक्सपीबरोबर तो जगभरच्या पडद्यांवर आला. त्यात माणूस नाही, घर नाही, कुंपण नाही. एरवी त्या उतारावर द्राक्षवेली असत. कीड पडल्यामुळे त्या काढल्या होत्या, म्हणून नुसतं गवत होतं. वरचं आकाश असं मोकळं, की कुणीही त्यावर काहीही मांडावं. धंद्यात याला कॉपी स्पेस म्हणतात. दुसऱ्याच्या मजकुराला जागा ठेवायची आणि तरी चित्र पोकळ वाटू द्यायचं नाही, याला नजर लागते.

ती नजर पोसेल एवढे पैसे आज यात उरलेले नाहीत. २००० साली कॅनडातल्या कॅलगरीत ब्रूस लिव्हिंगस्टोन यांनी आयस्टॉकफोटो सुरू केलं आणि हौशी माणसाचा फोटो डॉलरभरात मिळू लागला. २००३मध्ये जॉन ओरिंजर यांनी स्वतःच्या सुमारे ३०,००० फोटोंवर शटरस्टॉक उभं केलं. ग्राहकाने वर्गणी भरायची आणि हवे ते फोटो उतरवून घ्यायचे. दार सगळ्यांना उघडलं, हे मोठंच काम झालं. सांगलीतल्या मुलाला मुंबईच्या एजन्सीत ओळख लागेनाशी झाली. पण भाव घसरतच गेला. जून २०२०पासून शटरस्टॉकने फोटोग्राफरचा वाटा विक्रीच्या संख्येनुसार १५ ते ४० टक्के ठरवला. दर १ जानेवारीला सगळे पुन्हा तळाच्या पायरीवर. एका फोटोमागे किमान १० सेंट, म्हणजे आठ-नऊ रुपये. अशा दरात एक फोटो तीन दिवस घोटणं परवडत नाही. मग एकच वाटी पाच कोनांतून टिपली जाते, आणि संग्रह फुगतात.

सोलापूरकडचा एक तरुण फोटोग्राफर माझ्या परिचयाचा आहे. त्याने आईचा भाकरी करतानाचा फोटो काढला. परातीत थापून तव्यावर टाकलेली ज्वारीची भाकरी, वरून फिरवलेलं पाणी, त्यावर उमटलेल्या बोटांच्या खुणा. मागे भिंतीवर कॅलेंडर, फळीवर तेलाचा डबा. स्टॉक संकेतस्थळाकडून फोटो परत आला: डब्यावर कंपनीचं नाव, कॅलेंडरवर छाप, आणि चेहरा दिसतोय तर आईच्या सहीचं संमतिपत्र हवं. व्यापारी वापराचे हे नियम रास्तच आहेत. उद्या जाहिरातीत चेहरा झळकला तर त्या माऊलीला विचारलेलं असायला हवं. त्याने डबा पुसला, कॅलेंडर पुसलं, चौकट मनगटापर्यंत आणली. फोटो स्वीकारला गेला. मग शोधशब्द भरायचे. ‘भाकरी’ कोण शोधणार? म्हणून ‘फ्लॅटब्रेड’, ‘नान’, ‘टॉर्टिया’. आता ते हात कुणाचेही होते आणि स्वयंपाकघर कुठलंही.

या कलेचं खरं दुखणं मला इथे दिसतं. संदीप माहेश्वरी यांच्या इमेजेसबाजारने भारतीय चेहऱ्यांचा साठा उभा केला, त्याची गरजच होती. पण अशा संग्रहांतलं हसरं कुटुंब नाशिकचं की लुधियानाचं, ते कळत नाही. मोकळी जागा ठेवता ठेवता गावच पुसलं गेलं.

दुसरी वाटही निघाली. त्याच लिव्हिंगस्टोन यांनी ब्रिआना वेटलॉफर यांच्यासह २०१३मध्ये स्टॉक्सी ही फोटोग्राफरांच्याच मालकीची सहकारी संस्था काढली. साध्या परवान्यावर फोटोग्राफरला ५० टक्के, विस्तारित परवान्यावर ७५. दूध सोसायट्या पाहिलेल्या आपल्या वाचकाला यातलं मर्म समजवावं लागणार नाही. सभासद निवडून घेतले जातात, त्यामुळे दार अरुंद आहे. पण तिथल्या फोटोंत खरी खोली, खरा उजेड दिसतो.

आता चित्रं बनवणारं यंत्र आलं आहे. २०२३मध्ये अडोबीने फायरफ्लाय आणलं, ते अडोबी स्टॉकमधल्या फोटोंवर शिकलेलं. फोटोग्राफरांना त्यापोटी बोनस दिला गेला. त्याच वर्षी गेटी इमेजेस या फोटो एजन्सीने, आपले फोटो परवानगीविना वापरल्याच्या आरोपावरून, असंच यंत्र बनवणाऱ्या स्टॅबिलिटी एआयला कोर्टात खेचलं. हस्तांदोलन, हेडफोन लावलेली हसरी तरुणी, कुठल्याच गावची नसलेली टेकडी, हे यंत्र क्षणात काढून देतं. अशा फोटोंवर पोट भरणाऱ्यांबद्दल मला मनापासून काळजी वाटते. पण खऱ्या गावचं खरं स्वयंपाकघर यंत्राला ठाऊक नसतं, म्हणून सोलापूरच्या तरुणाला मी एवढंच म्हटलं, की तुझा पहिला फोटो पुन्हा काढ.

त्याने आईला विचारून तो काढला आणि संपादकीय विभागात पाठवला. तिथे फोटो जाहिरातीला चालत नाही, म्हणून गिऱ्हाईक कमी; पण डबा, कॅलेंडर, चेहरा सगळं राहतं. फोटोखालच्या ओळीत गाव आणि तारीख लिहावीच लागते. त्याने ती लिहिली, आणि शोधशब्दांत सगळ्यात आधी ‘भाकरी’.