मराठी वाङ्मयातील हिवाळा आणि पांढुर्ण्याचे शिवार

मराठी वाङ्मयात पाऊस आहे, दुष्काळ आहे, वैशाखातील वणवा आहे. हिवाळा मात्र नाही, असे विधान केले तर ते पुष्कळांना अतिशयोक्तीचे वाटेल. गुलाबी थंडीची वर्णने, धुक्यात बुडालेल्या वाटा, शेकोटीभोवतीच्या गप्पा यांची उदाहरणे कोणीही तत्काळ पुढे ठेवील. परंतु ही उदाहरणे नीट पाहिली म्हणजे ध्यानात येते की, त्यांतील थंडी ही अंगावर शाल घेऊन बसलेल्या माणसाची थंडी आहे. ती सुखाची आहे, क्वचित विरहाची आहे. पण तिचा गव्हाशी, तुरीशी, कडब्याच्या गंजीशी किंवा पहाटे पाटाच्या पाण्यात उभ्या असलेल्या पायांशी काही संबंध नाही. हिवाळा हे ज्याच्या पिकाचे भवितव्य ठरविणारे चार महिने आहेत त्या माणसाचा हिवाळा आपल्या साहित्यात फारच थोडा आला आहे. ही उणीव केवळ विषयाची नसून भाषेचीही आहे, असे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

ही उणीव परंपरेने आलेली म्हणावी, तर तसेही नाही. हालाच्या नावाने प्रसिद्ध असलेली महाराष्ट्री प्राकृतातील ‘गाथासप्तशती’ उघडून पाहावी. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा भाषेच्या प्राचीनत्वाचा पुरावा म्हणून या ग्रंथाचे नाव पुष्कळांच्या तोंडी होते. पण त्यातील शेतकऱ्याचा ऋतू कोणी फारसा वाचला नाही. त्यात माघ महिन्यात आपले पांघरूण देऊन त्याच्या मोबदल्यात बैल घेणारा एक शेतकरी आहे. घरात तरुण पत्नीची ऊब असता पांघरुणाची काय गरज, हा त्या गाथेतील शृंगाराचा चमत्कार. रसिकांनी तो शृंगार टिपला, परंतु त्याच्या खालचा व्यवहार दुर्लक्षिला. थंडी सर्वांत कडक असते त्याच महिन्यात हा माणूस पांघरूण सोडतो, कारण शेताला बैल हवा आहे. देहाची ऊब आणि शेताची गरज यांतून एकाची निवड करावी लागणे, हा कुणब्याच्या हिवाळ्याचा गाभा होय. त्याच ग्रंथात भाताची शेते पिकून पांढरी पडू लागली म्हणून रडणाऱ्या मैत्रिणीला तागाच्या पिवळ्या फुलोऱ्याकडे बोट दाखविणारी सखीही आहे. संकेतस्थळाची सोय हा तिचा हेतू. पण एक पीक काढणीस येते त्या वेळी दुसरे फुलावर असते, हे पीकपंचांग कवीला तोंडपाठ आहे. शृंगार आणि शेती तेथे परस्परांपासून वेगळी झालेली नाहीत.

आधुनिक काळात मात्र ती वेगळी झाली. बालकवींनी श्रावणाला जे स्थान मिळवून दिले ते पौषाला कोणी दिले नाही. ग्रामीण कादंबरी आली तीही पावसाच्याच हिशेबाने चालली. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) गाव उभे राहते आणि पाऊस न पडल्याने विस्कटते. उद्धव शेळक्यांच्या ‘धग’ने (१९६०) वऱ्हाडी बोलीला कादंबरीत प्रतिष्ठा दिली, तिचे नावच दारिद्र्याला आचेचे रूप देते. या थोर कृतींना उणे लेखण्याचा येथे हेतू नाही. पाऊस हा घटनेच्या रूपाने येतो. तो आला किंवा आला नाही, यावर कथानकाला कलाटणी देता येते. थंडी तशी येत नाही. ती अंशाअंशाने उतरते, पिकाच्या आत काम करते आणि तिचा परिणाम दोन महिन्यांनी खळ्यावर मोजला जातो. कथाकाराला अशी संथ शक्ती हाताळणे कठीण जाते, हे मान्य करावयास हवे.

अपवाद आहे तो बहिणाबाई चौधरींचा. १९५२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालेल्या संग्रहात कापणी, रगडणी, उपणणी या कामांवर स्वतंत्र रचना आहेत. तेथे ऋतू वर्णनातून येत नाही, कामातून येतो. ना. धों. महानोरांच्या ‘रानातल्या कविता’ (१९६७) यांनी पिकात आलेल्या रानाचा उत्सव मराठीला दिला. पण त्यातही आनंदाचा स्वर वरचढ आहे आणि तो त्या कवितेचा धर्मच आहे. बहिणाबाईंनी दाखविलेली वाट, म्हणजे ऋतू हा श्रमाच्या क्रियापदांतून ओळखणे, पुढे फारशी मळली नाही.

ही वाट कोठे नेऊ शकते हे पाहण्यासाठी पांढुर्णा आणि सौंसर हा मुलूख विचारात घ्यावा. सातपुड्याच्या दक्षिण उतारावर, जाम आणि कन्हान या नद्यांच्या खोऱ्यांत वसलेला हा प्रदेश १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मध्य प्रदेशात राहिला आणि त्याला लागून असलेला विदर्भ मुंबई राज्यात गेला. ५ ऑक्टोबर २०२३ पासून या दोन तहसिलींचा पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला आहे. येथील घरांतील बोली मराठी, कार्यालयातील भाषा हिंदी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या गोटमारीमुळे पांढुर्ण्याचे नाव वर्षातून एकदा वृत्तपत्रांत येते; उरलेल्या वर्षभर येथे जे चालते ते कापूस, तूर, गहू, हरभरा आणि संत्रा यांच्यामागचे राबणे होय. शेजारच्या नागपुरात २९ डिसेंबर २०१८ रोजी किमान तापमान ३.५ अंशांवर उतरले होते. तेव्हा हा उबदार दख्खनचा भाग, येथे थंडीचे काय कौतुक, हा समज टाकून दिला पाहिजे.

या शिवारात एकच थंडी प्रत्येक पिकाला वेगळी भेटते. गव्हाला ती हवी असते; रात्री गार राहिल्या तर गहू चांगला फुटतो, आणि थंडी लवकर उठली तर ओंबी घाईने पक्व होऊन दाणा बारीक राहतो. मार्च २०२२ च्या अकाली उष्म्याने देशातील गव्हाला हाच फटका दिला आणि त्याच वर्षी १३ मे रोजी गव्हाच्या निर्यातीवर बंदी आली. हरभऱ्याला माफक थंडी मानवते, फार झाली तर त्याची फुले गळतात. तुरीचा फुलोरा आणि शेंगा नेमक्या डिसेंबर-जानेवारीत असतात. एका रात्रीच्या हिमाने त्या काळ्या पडू शकतात. पऱ्हाटीवरचा कापूस दहिवराने भिजतो, म्हणून वेचणीला ऊन चढेपर्यंत थांबावे लागते; ओला कापूस साठवला तर पिवळा पडतो आणि त्याचा भाव उतरतो. वेचणारणीची मजुरी वजनावर असल्यामुळे दहिवर उशिरा सुकले तर तिच्या दिवसाच्या कमाईतूनच तेवढा वेळ वजा होतो. संत्र्याचे तर आणखीच निराळे. आंबिया बहारासाठी डिसेंबर-जानेवारीत झाडाचे पाणी तोडून त्याला ताण देतात. थंडी त्या विश्रांतीला साहाय्य करते, आणि मग पाणी सोडले की जानेवारी-फेब्रुवारीत झाड फुलते. एकाच माणसाला एकाच आठवड्यात गव्हाला पाणी द्यावयाचे आणि संत्र्याचे तोडावयाचे असते. ही द्विधा कोणत्याही कादंबरीकाराने हेवा करावा अशी आहे.

आता भाषेकडे वळू. हिंदीत हिमाला ‘पाला’ म्हणतात. तो शब्द संस्कृत ‘प्रालेय’पासून आला. मराठीत ‘पाला’ म्हणजे झाडाची पाने; तो पालवीचा सोयरा. सरकारी सूचना ‘पाला’ पडण्याचा इशारा देते तेव्हा या सीमेवरच्या मराठी कानाला दोन्ही अर्थ एकदम ऐकू येतात. एक ‘पाला’ पडतो आणि दुसरा ‘पाला’ करपतो. मराठीत त्यासाठी हिंव आहे, दंव आहे, दहिवर आहे. परंतु गोठलेल्या दंवासाठी सर्वत्र चालणारा एकच शब्द नाही, कारण मराठी मुलखाच्या मोठ्या भागाला त्याची वारंवार गरज पडली नाही. पांढुर्ण्याला पडते. म्हणून येथील बोलीने शेजाऱ्याचा शब्द उसना घेतला तर त्याला भ्रष्टता म्हणण्याचे कारण नाही. ज्याचे पीक जळते त्याला शब्दाचे कूळ विचारण्याची फुरसत नसते.

याहून अर्थपूर्ण असे दुसरे उदाहरण हिवाळी पावसाचे. माळव्याकडे या पावसाला ‘मावठा’ म्हणतात. हिंदीतील ‘महावट’ही त्याच जातीचा शब्द. या शब्दांत माघ महिना बसलेला आहे, म्हणजे त्या पावसाला पंचांगात हक्काची जागा आहे. मराठीत आपण त्याच पावसाला ‘अवकाळी’ म्हणतो. एका भाषेत जो वेळेवर आलेला पाहुणा, तोच दुसरीत वेळ चुकलेला आगंतुक. मला वाटते, या भेदाचे मूळ पिकांत आहे. कोरडवाहू गहू-हरभऱ्याच्या मुलखाला माघातील हलकी सर म्हणजे फुकटचे ओलित. उमललेल्या बोंडांच्या आणि खळ्यावर पडलेल्या ज्वारीच्या मुलखाला तीच सर म्हणजे नासाडी. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश या दोहोंत गारपिटीने पिके झोडपली, तेव्हा मात्र दोन्ही शब्द सारखेच निरुपयोगी ठरले. पांढुर्ण्याचा शेतकरी या दोन शब्दांच्या मधोमध उभा आहे. त्याच्या एका वावरात कापूस असतो आणि दुसऱ्यात हरभरा. ढग आले असता तो त्यांना कोणत्या नावाने हाक मारील, हे त्याने काय पेरले त्यावर ठरते. शब्दाचा अर्थ शेतात ठरतो, याचे याहून चांगले उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

गवताची आणि गुरांची गोष्टही हिवाळ्याचीच आहे. दिवाळीनंतर माळावरचे गवत वाळते. ते वेळीच कापून गंजी लावली तर सकस, उशीर झाला तर निव्वळ काड्या. पुढे सोंगणी झालेल्या वावरांत गुरे फिरतात, आणि घरी कडबा व कुटार यांवर उन्हाळा काढावा लागतो. वर्धा-नागपूरपासून छिंदवाड्यापर्यंत पसरलेली गवळाऊ जात याच चाऱ्यावर वाढली. ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली, तसा कडबा कमी झाला. आणि कडब्याबरोबर हुरडा, जागल, माचण यांभोवतीचे शब्दही विरळ झाले. पीक जाते तेव्हा त्याची शब्दसंपत्तीही जाते. तिची नोंद कृषी खाते ठेवत नाही, ते काम वाङ्मयाचे.

येथे एक आक्षेप संभवतो. साहित्य म्हणजे शेतीची माहितीपुस्तिका नव्हे; गव्हाला किती पाणी द्यावे हे कादंबरीने कशाला सांगावे? आक्षेप रास्त आहे, पण तो नेम चुकवितो. माहिती द्यावी अशी मागणी नाहीच. ती ज्या मानवी प्रसंगाला जन्म देते तो प्रसंग दिसावा, एवढीच अपेक्षा आहे. हिमाची रात्र घ्या. आकाश निरभ्र, वारा पडलेला, हवा कोरडी. चार अंशांच्या आसपास पारा आला की जमिनीलगत तो शून्याला टेकू शकतो. जड झालेली थंड हवा उतारावरून ओघळत सखल वावरात साचते. म्हणून वरच्या धुऱ्यावरची तूर वाचते आणि खालची जाते. शेतकरी संध्याकाळी हलके पाणी देतो, वाऱ्याच्या बाजूला काडीकचरा पेटवून धूर करतो. शेतीची वीज रात्रपाळीची असली तर मध्यरात्री उठून, टॉर्च आणि फावडे घेऊन, गार पाण्यात दांड फोडावा लागतो. एवढे करूनही काय झाले ते अंधारात कळत नाही. सकाळी पाने पांढरी, टवटवीतच दिसतात. ऊन चढले की ती उकडल्यासारखी लुळी पडतात आणि मग काळवंडतात. ज्या सूर्याची रात्रभर वाट पाहिली त्याच्याच उजेडात नुकसान उघडे व्हावे, यात शोकांतिकेला लागणारे सर्व काही आहे. ओरडा नाही, पूर नाही, मोर्चा नाही. लेखक वरवर पाहून परतला तर त्याला फक्त सुंदर थंड सकाळ दिसेल. आणि आजवर बहुतेकांना तेवढीच दिसली.

तेव्हा ग्रामीण म्हणविणाऱ्या कृतीसाठी एक साधी कसोटी सुचवावीशी वाटते. तीतील थंडी वाचून महिना, पीक आणि काम ओळखता येते का? येत असेल तर ती थंडी अनुभवातून आली. येत नसेल तर ती कॅलेंडरवरच्या चित्रातून आली. समीक्षेने आजवर ग्रामीण साहित्याची बोली तपासली, दारिद्र्य तपासले, जातिव्यवस्था तपासली. ऋतूचे ज्ञान क्वचितच तपासले.

शिक्षकवर्गाला यात विशेष करता येण्यासारखे आहे. सीमेवरच्या तहसिलींत मराठी ही पुष्कळ मुलांच्या दृष्टीने घरापुरती भाषा उरत चालली आहे, आणि घरच्या भाषेची सर्वांत दाट वीण कामाच्या शब्दांत असते. ‘हिवाळा’ या विषयावर निबंध लिहावयास सांगण्याऐवजी मार्गशीर्षापासून महाशिवरात्रीपर्यंत घरातील प्रत्येक माणसाने शेतात काय केले आणि त्याला काय म्हटले, एवढे लिहून आणावयास सांगावे. त्यात मराठी असेल, हिंदी असेल, गोंडीही असेल. ते निवडून वेगळे करण्याची घाई नको. गाथेतील शेतकऱ्याने माघात पांघरूण देऊन बैल घेतला, ही गोष्ट जवळजवळ दोन हजार वर्षे टिकली, कारण कोणा एका कवीला त्या व्यवहाराची किंमत कळली होती. संत्र्याचे पाणी तोडून गव्हाला देणाऱ्या आजच्या माणसाच्या व्यवहाराची किंमत मराठीत अजून लिहिली जावयाची आहे.