स्थिर आवृत्तीच्या दारात मराठीचा कोश

आजचा विषय वाचून दोघातिघांनी आम्हाला दारातच अडवलं. म्हणाले, सर, तत्त्वज्ञानाच्या माणसानं लिनक्सवर कशाला बोलायचं? प्रश्न रास्त आहे. आम्ही संगणकातले जाणकार नाही. लिनक्स आमच्या घरी आलं ते काटकसरीपायी. संगणक जुना झाला होता, नवा घ्यायची इच्छा नव्हती. तेव्हा एका माजी विद्यार्थ्याच्या मुलानं त्यात डेबियन घालून दिलं. लिहायला लिबरऑफिस. पहिल्याच दिवशी आम्ही एक पान टंकलं आणि पानभर लाल रेघा उमटल्या. आयुष्यभर आम्ही मुलांच्या पेपरांवर लाल रेघा मारल्या, आता आमच्यावर मारणारा भेटला! (हशा)

बहुतेक रेघा खोट्या होत्या. ‘घर’ त्याला मान्य, ‘घरासमोरच्यांनाही’ म्हटलं की रेघ. तो मुलगा म्हणाला, सर, कोश तोकडा आहे. आपण नवा करू आणि डेबियनच्या स्थिर आवृत्तीत घालू. आम्ही म्हटलं, घालू की. त्या ‘घालू’ या एका क्रियापदात काय काय दडलेलं असतं, ते आज सांगायचं आहे. आणि त्या मंजुरीच्या पद्धतीवर आमची एक टीकाही आहे, ती मांडायची आहे.

आधी कोश चालतो कसा, ते बघू. आज बहुतेक ठिकाणी वापरात असलेली आज्ञावली म्हणजे हनस्पेल. लास्लो नेमेथ या हंगेरियन माणसानं ती आपल्या भाषेसाठी केली. हंगेरियनमध्ये मराठीसारखेच शब्दाला प्रत्यय चिकटत जातात. हनस्पेलच्या कोशात दोन फायली असतात. एकीत मूळ शब्दांची यादी, दुसरीत प्रत्यय लावायचे नियम. आम्हाला हे कळलं तेव्हा एकदम पतंजली आठवला. महाभाष्याच्या सुरुवातीला तो एक गोष्ट सांगतो. बृहस्पतीसारखा गुरू, इंद्रासारखा शिष्य, हजार दिव्य वर्षांचा अवधी. गुरू एकेक शब्द उच्चारत गेला आणि तरी शब्दांचा अंत लागला नाही. म्हणून यादी पुरत नाही, सामान्य नियम आणि त्याचे अपवाद सांगावे लागतात. दोन फायली का लागतात, याचं याहून चांगलं स्पष्टीकरण आम्हाला तरी मिळालेलं नाही.

पण नियम सांगायला बसलो की मराठी घाम काढते. गरीब, गरिबाला. शरीर, शरीराला. दोन्ही शब्द सारखेच दिसतात. एकाचा दीर्घ ईकार सामान्यरूपात ऱ्हस्व होतो, दुसऱ्याचा होत नाही. का? दुसरा तत्सम, संस्कृतातून जसाच्या तसा आलेला. म्हणजे यंत्रानं शब्दाची वंशावळ पाहिल्याशिवाय त्याला ‘ला’ लावायचा नाही! कवी दीर्घ, पण कविसंमेलन ऱ्हस्व. आणि हनस्पेलला शब्दाच्या शेवटचे प्रत्यय सोलायचे ते दोनच थरांत. आपल्याकडे ‘घरासमोरच्यांनाही’ मध्ये थर मोजा, दोनात बसत नाहीत. मग प्रत्ययांचे जुडगे आधीच बांधून ठेवावे लागतात आणि नियमांची फाईल फुगत जाते. फिन्निश लोकांनी या कटकटीला कंटाळून व्होइक्को नावाचं स्वतंत्र साधन केलं, मल्याळममध्ये संतोष तोट्टिंगल यांनी रूपविश्लेषक बांधला. मराठीलाही त्या वाटेनं जावं लागेल असं आमचं मत आहे, पण तो आजचा विषय नाही.

शिवाय डोळ्यांना एक दिसतं आणि यंत्राला दुसरं. ‘दऱ्या’ मधला अर्धा र संगणकात दोन तऱ्हांनी साठवता येतो, छापल्यावर फरक दिसत नाही. ‘ॲप’ मधला ॲ युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर म्हणून आला २००८ साली. त्याआधी लोक अ वर चंद्र देत किंवा हिंदीचा ऍ वापरत. तिन्ही आजही चालू आहेत. यातलं शुद्ध कोणतं, हे कोश करणाऱ्यानं एकदा ठरवून लिहून ठेवायचं असतं.

आता दाराशी येऊ. डेबियनमध्ये नवं पॅकेज आधी ‘अस्थिर’ विभागात जातं, तिथं काही दिवस गंभीर दोष निघाला नाही तर ‘चाचणी’ विभागात, आणि साधारण दोन वर्षांनी चाचणीचा विभाग गोठवून त्याची ‘स्थिर’ आवृत्ती होते. सगळं काम स्वयंसेवकांचं. अस्थिर विभागातही पहिल्यांदा शिरताना माणूस तपासतो, आणि तो सर्वात आधी विचारतो: हे कुणाच्या मालकीचं? कोणत्या परवान्यावर?

इथं आमची फजिती सांगितली पाहिजे. आम्ही मोठ्या उत्साहानं चार महिने बसून शब्दांची यादी केली होती. हातानं. मुलानं विचारलं, सर, एवढे शब्द कुठून आणले? आम्ही कपाटातला एक छापील कोश दाखवला. तो गप्प झाला. मग हळूच म्हणाला, सर, हे चालणार नाही. आम्ही चिडलो. म्हटलं, शब्द कुणाच्या बापाचे आहेत का? तो म्हणाला, शब्द नाहीत सर, पण निवड त्यांची आहे, मेहनत त्यांची आहे. चाळीस वर्षं आम्ही नीतिशास्त्र शिकवलं आणि ही गोष्ट आम्हाला पंचविशीतल्या पोरानं सांगितली.

मग आम्ही म्हटलं, ज्याच्यावर कुणाचा हक्क उरलेला नाही असं काही घेऊ. मोल्सवर्थ घेऊ. १८५७ ची दुसरी आवृत्ती, अप्रतिम कोश. पण त्याचं लेखन जुनं, कांहीं आणि नांव अशा अनुस्वारांचं. आणि इथं एक गंमत लक्षात आली, गंमत म्हणायचं की दुर्दैव ते तुम्ही ठरवा. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो. म्हणजे आज मोकळं झालेलं साहित्य साधारणपणे १९६५ पर्यंत वारलेल्या लेखकांचं. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम सरकारनं स्वीकारले १९६२ साली, आणखी चार आले १९७२ मध्ये. तेव्हा मोकळ्या मराठीतली बहुतेक सगळी जुन्या लेखनातली, आणि नव्या नियमांची मराठी बहुतेक सगळी कुणाच्या ना कुणाच्या मालकीची. विकिपीडिया मोकळा आहे खरा, पण तिथं एकाच लेखात ‘महत्व’ आणि ‘महत्त्व’ शेजारी शेजारी नांदताना आम्ही पाहिले आहेत.

अरुण फडके यांनी ‘मराठी लेखन-कोश’ केला, शुद्धलेखनासाठी आयुष्य वेचलं. २०२० साली आपल्या नाशिकमध्येच ते गेले. अशा एकेकट्या माणसांच्या कष्टावर मराठीचं लेखन उभं आहे. सगळ्यांना घेता येईल, दुरुस्त करता येईल आणि पुन्हा वाटता येईल अशी प्रमाण शब्दयादी मात्र नियम होऊन साठ वर्षं उलटली तरी कोणत्याही संस्थेनं त्या नियमांसोबत आपल्या हाती ठेवल्याचं आम्हाला तरी आढळलेलं नाही. ज्या गंगापूर रोडवर आपण बसलो आहोत, त्याच रस्त्यावर कुसुमाग्रजांचं स्मारक आहे आणि पुढं गेलं की मुक्त विद्यापीठ. दर सत्तावीस फेब्रुवारीला भाषेवर केवढं बोलतो आपण! परवाना विचारणारा तो परदेशी स्वयंसेवक मराठीचा शत्रू नाही. आपण एकमेकांना कधीच न विचारलेला प्रश्न त्यानं विचारला, एवढंच.

इथपर्यंत आम्ही पद्धतीच्या बाजूनं बोललो. आता टीका.

दारावर परवाना तपासतात, फायली नीट रचल्या आहेत का ते तपासतात, दुसऱ्या पॅकेजला धक्का लागतो का ते तपासतात. कोश बरोबर आहे का, हे मात्र कुणी तपासत नाही. कसा तपासणार? तिथं मराठी येणारा माणूस असेलच असं नाही. म्हणजे चुकीच्या शब्दांनी भरलेला पण कागदपत्रं चोख असलेला कोश सुखरूप आत जाईल. एकदा आवृत्ती स्थिर झाली, की बदल करायला दोष गंभीर असावा लागतो, दुरुस्ती लहानात लहान असावी लागते आणि ती अस्थिर विभागात आधी झालेली असावी लागते. उबुंटूमध्येही तसंच, दुरुस्ती नसल्यानं काय बिघडतं, ती तपासायची कशी, तिच्यामुळं आणखी काय बिघडू शकतं, हे सगळं लिहून द्यावं लागतं. आता सांगा, एका शब्दातली एक वेलांटी हा गंभीर दोष ठरेल का? यंत्र बंद पडत नाही, कुणाची माहिती चोरीला जात नाही. वेलांटी दोन वर्षं तशीच राहते. आत येताना तिची कुणी चौकशी केली नाही, आणि बाहेर काढायला मात्र सबळ कारण मागतात! स्थिर याचा अर्थ न बदलणारं, निर्दोष असा नाही, हे ती मंडळी स्वतःच प्रामाणिकपणे सांगतात. पण लाल रेघ पाहणाऱ्या आठवीतल्या मुलीला हे कोण सांगणार?

कोश दोन तऱ्हांनी चुकतो. बरोबर शब्दावर रेघ मारतो, किंवा चुकीचा शब्द गुपचूप सोडतो. निरपराध्याला शिक्षा, किंवा अपराध्याची सुटका. विद्वान मंडळींना दुसरी चूक जास्त टोचते, भाषा बिघडते म्हणतात. आमचं मत उलट आहे. कोशाबाहेरच्या प्रत्येक शब्दावर रेघ उठायला लागली की दोन गोष्टी होतात. आमच्यासारखा म्हातारा ती तपासणीच बंद करून टाकतो. मग खरी चूकही दिसत नाही. आणि ज्याला स्वतःच्या मराठीची खात्री नाही, तो आपला चांगला शब्द खोडून यंत्राला मान्य असलेला फिका शब्द घालतो. बागलाण-मालेगावकडून आलेली, घरी अहिराणी बोलणारी मुलं आम्ही वर्गात पाहिली आहेत. आधीच बिचकत लिहायची. त्यांच्या पानावर खोटी रेघ नको. म्हणून आम्ही म्हणतो, बरोबर शब्दावर रेघ मारणारा दोष गंभीर धरला पाहिजे.

यावर तो मुलगा म्हणाला, सर, स्थिर आवृत्तीत सतत बदल करू दिले तर ती स्थिर कशी राहील? बरोबर आहे. पण त्यानंच बोलता बोलता एक अपवाद सांगितला आणि आम्ही तो पकडला. जगातल्या घड्याळांची माहिती, कोणत्या देशात किती वाजले हे सांगणारी, तिला डेबियनच्या स्थिर आवृत्तीतही मधेच बदलू देतात. कारण एखादं सरकार अचानक वेळ पुढंमागं करतं, आणि जुनी माहिती न बदलताच चुकीची ठरते. आमचं म्हणणं, शब्दकोश हा त्याच जातीचा आहे. ती आज्ञावली नाही, माणसांच्या व्यवहाराची नोंद आहे. त्याला घड्याळाचा नियम लावावा.

हे आम्ही विजयी मुद्रेनं म्हणालो. पोरगं हुशार. म्हणालं, सर, घड्याळाच्या माहितीला एक राखणदार आहे. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी ती सुरू केली, आता पॉल एगर्ट सांभाळतात, जगभरची माणसं त्यांना बदल कळवतात, प्रत्येक बदलामागचा आधार तिथं लिहिलेला असतो. मराठीच्या यादीला असा माणूस कोण? एखादा शब्द बदलला तर का बदलला, हे कुठं लिहिलेलं असेल? आम्ही चहा मागवला. (हशा)

पतंजली म्हणतो, मडकं हवं असेल तर माणूस कुंभाराकडे जातो, पण शब्द हवेत म्हणून वैयाकरणाच्या घरी कुणी जात नाही. त्याच्या काळी ते खरं होतं. आता वैयाकरण न बोलावता आपल्याच घरात, पडद्याच्या कोपऱ्यात येऊन बसला आहे. म्हणून त्याचं नावगाव आणि त्याची कारणं विचारायचा आपल्याला हक्क आहे असं आम्हाला वाटतं.

आता शेवटची कबुली. मालकीचा प्रश्न सुटावा म्हणून आम्ही नवी यादी केली, फक्त आमच्या स्वतःच्या चाळीस वर्षांच्या लेखांमधली आणि टाचणांमधली. आमचंच लेखन, आमचाच परवाना. मुलानं कसोटीसाठी दोन याद्या मागितल्या: कोशानं मान्य केलेच पाहिजेत असे शब्द, आणि अडवलेच पाहिजेत असे. पहिल्या यादीत आम्ही अभिमानानं आमच्या विषयाचं नाव वर घातलं. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन. “सर, राग मानू नका. ‘तत्वज्ञान’ तुम्ही एका त नं लिहिलंय.” तत् आणि त्व, मिळून तत्त्व. दोन त. ज्यात आम्ही डॉक्टरेट घेतली, त्या विषयाचं नाव! जुने कागद काढून पाहिले. आमच्या लेटरहेडवर एकच त आहे. वीस वर्षं ते वापरलं, कुणी बोललं नाही. तो शब्द तसाच स्थिर आवृत्तीत गेला असता तर दोन वर्षं ज्यानं कुणी ‘तत्वज्ञान’ लिहिलं असतं त्याला आमची मान्यता मिळाली असती.

डेबियनची तेरावी आवृत्ती २०२५ च्या ऑगस्टमध्ये आली. तिची दारं काही महिने आधीच बंद होत गेली आणि आमची यादी बाहेरच राहिली. मुलाला वाईट वाटलं, आम्हाला नाही. सध्या आम्ही दोघं रविवारी सकाळी बसतो. तो शब्द वाचतो, आम्ही बाजूला कारण लिहितो: तत्सम म्हणून, नियम अमुक म्हणून, किंवा नुसतं ‘लोक असंच लिहितात’ म्हणून. ‘न’ पर्यंत आलो आहोत. आपल्यापैकी ज्यांच्या घरी स्वतःच्या लेखनाच्या वह्या पडून असतील आणि त्या मोकळ्या परवान्यावर द्यायची तयारी असेल, त्यांनी व्याख्यान संपल्यावर जरा थांबावं. तो मुलगा मागच्या रांगेत बसला आहे, निळा सदरा.