‘नकार’ एवढंच लिहून भागत नाही

नर्सिंगमध्ये संशोधन करायचं असेल, तर अरुणा शानबाग प्रकरणाचा निकाल मुळातून वाचा. मुंबईच्या केईएम रुग्णालयातली ही परिचारिका २७ नोव्हेंबर १९७३ च्या हल्ल्यानंतर कायमची अंथरुणाला खिळली. तिचं अन्न थांबवावं, अशी पिंकी विराणी यांची याचिका होती. केईएमच्या परिचारिकांचा त्याला विरोध होता. ७ मार्च २०११ ला सर्वोच्च न्यायालयाने याचिका फेटाळली.

निकालातले वैद्यकीय तपशील वाचण्यासारखे आहेत. २०१० मध्ये मलेरिया झाला, तोंडाने खाणं कमी झालं, मग राइल्स ट्यूब लागली, हे सगळं त्यात आहे. तिच्या वतीने बोलायचं कोणी, याची चर्चाही भरपूर आहे. पण तिला स्वतःला काय हवं होतं, हे कळायला मार्गच नव्हता. थोडक्यात, तो नकार परिचारिकांचा होता. वाचताना हा फरक निसटतो.

पुढे २०१८ च्या ‘कॉमन कॉज’ निकालाने उपचार नाकारण्याचा रुग्णाचा हक्क मान्य केला. पण दोन्हीकडे प्रश्न उपचार थांबवण्याचा. शुद्धीवरचा रुग्णच ‘काढू नका’ म्हणाला तर?

आमच्या चांदूर रेल्वेच्या एका आजोबांना लघवीची नळी होती. सिस्टर संध्याकाळी काढायला आल्या, तर म्हणाले, “राहू द्या जी. रात्री लघवी अटकली तं अमरावतीले कोन नेईन?” केसपेपरवर नोंद झाली: ‘रुग्णाचा नकार’.

आता बघा. नळी असेपर्यंत संसर्गाचा धोका रोज साधारण ३ ते ७ टक्के धरतात, म्हणजे गरज संपली की ती काढायलाच हवी. पण आजोबांची भीती रात्रीची होती. नळी सकाळी काढून दिवसभर लघवी होते का ते पाहिलं असतं, तर कदाचित ते तयार झाले असते. उपाय कारणातच होता आणि नोंदीत नेमकं कारणच नव्हतं.

म्हणून तुमच्या प्रश्नावलीत ‘नकार: होय/नाही’ एवढाच रकाना ठेवू नका. कोणी नाकारलं, नेमकं काय नाकारलं आणि का, हे तिन्ही विचारा. ‘का’चं उत्तर रुग्णाच्याच शब्दांत उतरवा, अगदी वऱ्हाडीत असलं तरी.