तक्ता ३ ब नीट वाचला तर

सहायक प्राध्यापक व्हायचं स्वप्न बघणाऱ्या माझ्या वयाच्या मुलामुलींना एक तक्ता तोंडपाठ असतो. यूजीसीच्या १८ जुलै २०१८च्या नियमावलीतला तक्ता ३ ब. महाविद्यालयातल्या जागेसाठी पदवीला ८० टक्के किंवा जास्त असतील तर २१ गुण, पदव्युत्तरला तेवढेच असतील तर २५. पीएचडीला २५, जेआरएफसह नेटला १०, नुसत्या नेटला ८, सेटला ५. शोधनिबंधांचे सगळे मिळून ६.

मी मूळचा एरंडोलचा, काम सॉफ्टवेअरमध्ये. निकष लिहून ठेवलेले असले की मला बरं वाटतं, निदान त्यावर भांडता येतं. म्हणून हा तक्ता कोड तपासावा तसा ओळीओळीने वाचला.

खरं सांगायचं तर तक्ता वाटतो तेवढा वाईट नाही. पदवीला ६० ते ८० टक्के असतील तर १९ गुण, म्हणजे टॉपरपेक्षा दोनच कमी. शेतातली कामं सांभाळून शिकलेली, घरातली पहिली पदवीधर मुलगी इथे फार मागे पडत नाही.

मेख नियमावलीतल्या एका टिपेत आहे. हे गुण फक्त मुलाखतीला कुणाला बोलवायचं ते ठरवण्यासाठी. निवड होणार केवळ मुलाखतीवर. म्हणजे दारापर्यंत शंभर गुणांचा हिशेब आणि दाराच्या आत पाटी कोरी. २०१०च्या नियमावलीत मुलाखतीचं वजन २० टक्के होतं. आता तीच सर्वस्व. आणि आत अध्यक्षपदी कोण? संस्थेच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष, नाहीतर त्यांनी मंडळातून पाठवलेला सदस्य. विषयतज्ज्ञ असतात, विद्यापीठाची माणसं असतात, मागासवर्गीय किंवा महिला उमेदवार असतील तर तशा प्रतिनिधीचीही तरतूद आहे. ती चांगलीच आहे. पण समितीत खुर्ची मिळाली म्हणून निकष तयार होत नाहीत.

दुसरी अडचण अनुभवाची. वर्षाला २ असे जास्तीत जास्त १० गुण. आता सकाळी एरंडोल, दुपारी पारोळा असं एसटीने फिरत तासिका तत्त्वावर शिकवणारा माणूस डोळ्यांसमोर आणा. तात्पुरती सेवा भरती-पदोन्नतीसाठी मोजायची तर नियमावलीची एक अट आहे: एकूण वेतन कायम सहायक प्राध्यापकापेक्षा कमी नसावं. तासावर पैसे घेणारा ही अट कुठून पुरी करणार? आधी कमी पैशांत राबवायचं आणि मग पैसे कमी होते म्हणून ती वर्षं धरायची नाहीत. असा कोड कुणी माझ्याकडे तपासायला पाठवला तर मी परत पाठवीन.

घरी अहिराणी बोलणाऱ्या पोरांना अर्थशास्त्र समजावून सांगण्याची हातोटी तक्त्याच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही. ती दिसेल ती वर्गातच. उमेदवाराला वर्गात शिकवायला लावून पारखण्याची मुभा नियमावलीत आहे. पण ती मुभाच, सक्ती नाही.

आमच्या क्षेत्रातही ओळखीने भरती होते, तेव्हा शहाणपण शिकवायचा आव नाही. तरी तीन गोष्टी सहज करता येतील. वर्गातलं व्याख्यान सक्तीचं करा. मुलाखतीतल्या प्रत्येक निकषाचे गुण जाहिरातीतच छापा. चर्चा सुरू होण्याआधी प्रत्येक सदस्याने आपले गुण लिहून सही करावी, आणि ते उमेदवाराला दाखवावेत. निवड न झालेल्याला आपण कुठे कमी पडलो एवढं तरी कळायला हवं. नाहीतर 'रेट किती चाललाय' ही गावातली कुजबुजच त्याला खरी वाटणार.