‘मौन’: धर्मगुरू आणि श्रद्धेची ठेव

शुसाकू एन्डो यांच्या ‘मौन’ (१९६६) या जपानी कादंबरीतील फादर रॉड्रिग्ज अखेर ख्रिस्तप्रतिमेवर पाय ठेवतात. खड्ड्यात उलटे टांगलेल्या शेतकऱ्यांचे कण्हणे थांबावे म्हणून. हा विश्वासघात की परमप्रीती, एवढ्यावरच वाचकांचा वाद अडतो. आम्हांस तो अपुरा वाटतो.

कादंबरीची थोरवी किचिजिरोत आहे: वारंवार ख्रिस्ताला नाकारणारा, तरी पापनिवेदनासाठी परतणारा. तिची उणीव अशी की, समुद्रातील खांबांना बांधलेले मोकिची व इचिझो आपणांस धर्मगुरूच्याच नजरेतून दिसतात. त्यांचे अंतःकरण उघडत नाही.

इतिहास मात्र त्यांचाच आहे. वसईचे संत गोन्सालो गार्सिया १५९७ साली नागासाकीत क्रुसावर मरण पावले. १६१४ च्या बंदीनंतर पुढे सुमारे दोन शतके धर्मगुरूविना सामान्य कुटुंबांनी बाप्तिस्मा व प्रार्थना गुपचूप जपल्या. १८६५ साली नागासाकीच्या ओउरा चर्चमध्ये त्यांचे वंशज प्रकट झाले. एन्डोंची कथा धर्मगुरूच्या पराभवापाशी थांबते. श्रद्धेची ठेव त्याच्यामागे घराघरांत उरली होती. आम्हां धर्मगुरूंनी ही कादंबरी याच नम्रतेने वाचावी.