पाऊस, बळी आणि एक मुलगी : ‘तेन्की नो को’ या जपानी चित्रपटाविषयी

जपान म्हटले की वर्धा-नागपूर परिसरातील बौद्ध वाचकाला वर्ध्याचा विश्वशांती स्तूप आठवतो, फुजी गुरुजी आठवतात, भदन्त आर्य नागार्जुन सुरेई ससाई आठवतात आणि कामठीचे १९९९ साली उभे राहिलेले ड्रॅगन पॅलेस विहार आठवते. त्याच्या घरातील नव्या पिढीचा जपान मात्र निराळा आहे. तो तिला विहारातून नव्हे, चित्रपटांतून भेटतो. सिंदी (रेल्वे) सारख्या गावातही मुलेमुली भ्रमणध्वनीच्या लहानशा पडद्यावर हे रेखाचलचित्रपट तन्मयतेने पाहतात, आणि घरातील वडीलधारी माणसे ‘कार्टून’ म्हणून त्यांकडे दुर्लक्ष करतात. हे दुर्लक्ष योग्य नाही. या चित्रपटांपैकी एकात असा प्रश्न उपस्थित झाला आहे की जो धम्माच्या अभ्यासकाने टाळू नये.

मकोतो शिंकाई यांचा ‘तेन्की नो को’ (अर्थात ‘हवामानाचे मूल’) हा चित्रपट जपानमध्ये १९ जुलै २०१९ रोजी आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात भारतातील निवडक शहरांत प्रदर्शित झाला. होदाका हा सोळा वर्षांचा मुलगा एका लहान बेटावरून पळून टोकियोला येतो. शहरात पाऊस थांबत नाही. उपाशी होदाकाला एका खाद्यगृहात काम करणारी हिना ही मुलगी न मागता खायला देते. तिची आई वारली आहे, धाकटा भाऊ नागी याच्यासह ती पालकाविना राहते. आई आजारी असताना एका ओसाड इमारतीच्या गच्चीवरील देवळाच्या कमानीतून तिने प्रार्थना करीत पाऊल टाकले, आणि तेव्हापासून तिने हात जोडले की तेवढ्या जागेपुरते ऊन पडते. पुढे ही तिघे पैसे घेऊन लोकांना ऊन मिळवून देण्याचा व्यवसाय सुरू करतात. कोणाचा विवाह, कोणाचा बाजार, दम्याने आजारी असलेल्या एका लहान मुलीचा बागेतील एक दिवस. प्रत्येक वेळी हिनाचे शरीर मात्र थोडे थोडे पारदर्शक होत जाते. अखेर कळते की जुन्या समजुतीप्रमाणे अशी मुलगी आकाशाला अर्पण झाली, तरच ऋतू पूर्ववत होतो.

येथे एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. पाऊस थांबावा म्हणून जपानी मुले पांढऱ्या कापडाची एक बाहुली दारात टांगतात, तिला ‘तेरु तेरु बोझु’ म्हणतात. चित्रपटात नागी त्याच बाहुलीचा वेश करून बहिणीसोबत हिंडतो. ‘बोझु’ म्हणजे मुंडन केलेला भिक्खू. ज्या तथागतांनी यज्ञाने आणि मंत्राने काही साधते हे नाकारले, त्यांच्या भिक्खूची बाहुली करून तिला ऊन मागावे, हा इतिहासाचा विपर्यास लक्षात घेण्यासारखा आहे. अर्थात आपणही फार हसण्याचे कारण नाही. विदर्भातील गावांत पाऊस लांबला की मुसळाला बेडूक बांधून, अंगाला निंबाचे डहाळे गुंडाळून पोरे घरोघरी पाणी मागत फिरत. तिकडे पाऊस जावा म्हणून आणि इकडे यावा म्हणून, एवढाच भेद.

धम्माच्या दृष्टीने पाहता पाऊस हा ऋतुनियमाचा विषय आहे. पालि अट्ठकथांत जे पाच नियम सांगितले आहेत, त्यांत ऋतुनियम आणि कम्मनियम हे वेगळे मानले आहेत. ढग कोणाच्या पापाने दाटत नाहीत आणि कोणाच्या पुण्याने पांगत नाहीत. म्हणूनच एका मुलीच्या देहाची किंमत देऊन आकाश निरभ्र होते ही कल्पना मुळातच अधम्माची आहे. परंतु एवढे म्हणून चित्रपट बाजूला सारणे ही उथळ टीका होईल. कारण दिग्दर्शकाने ही कल्पना तिचे समर्थन करण्यासाठी घेतलेली नाही. ती घेऊन तो प्रेक्षकाला विचारतो : समजा, हे खरे असते, तर तुम्ही काय केले असते?

या प्रश्नाला चित्रपटातील प्रौढांचे उत्तर तयार आहे. होदाकाला आसरा देणारा सुगा हा मासिकाचा लेखक अगदी सहजपणे बोलून जातो की एकाच्या जाण्याने हवामान सुरळीत होणार असेल, तर ते सर्वांनाच हवे असेल. हा मनुष्य दुष्ट नाही. त्याला स्वतःला मुलगी आहे, पत्नीच्या मृत्यूचे दुःख आहे. चांगल्या माणसाच्या तोंडून हे वाक्य यावे, यात चित्रपटाची खरी ताकद आहे. हिना नाहीशी होते त्या सकाळी लखलखीत ऊन पडते आणि शहर आनंदित होते. अनेकांना रात्री एकच स्वप्न पडलेले असते : एक मुलगी आकाशात चालली आहे. म्हणजे सर्वांना ठाऊक आहे, आणि कोणीही काही विचारीत नाही.

आंबेडकरी वाचकाला ही सकाळ अपरिचित नाही. गुजरातेत पाटणच्या सहस्रलिंग तलावाची दंतकथा आहे. सिद्धराज जयसिंहाच्या त्या तलावात पाणी राहीना, म्हणून बत्तीस लक्षणांचा पुरुष बळी द्यावयाचे ठरले, आणि निवडला गेला तो अस्पृश्य मानलेल्या समाजातील मेघमाया. आपल्याकडेही किल्ल्यांच्या बुरुजांखाली जिवंत गाडलेल्या महारांच्या कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या आहेत. या कथांत ऐतिहासिक सत्य किती, हा वेगळा विषय. त्या एक गोष्ट निश्चित सांगतात : बळी कोणाचा द्यावयाचा, हे दैव ठरवीत नाही. हिनाकडे पाहा. आईबाप नाहीत, काम सुटलेले आहे, शासनाचे अधिकारी भावंडांची ताटातूट करावयास टपलेले आहेत. जिच्या जाण्याने कोणाचेही दार वाजणार नाही, अशीच मुलगी आकाशाला हवी असते. शिंकाई हे सर्व दाखवितात, परंतु त्याचा अर्थ लावीत नाहीत. त्यांच्या लेखी ती योगायोगाने कमानीखालून गेलेली मुलगी आहे. मेघमायाच्या कथेत निदान एवढे तरी आहे की मरण्यापूर्वी तो आपल्या लोकांच्या गळ्यातील मडके आणि कमरेचा झाडू काढून घेण्याची मागणी राजापुढे ठेवतो. हिना काहीच मागत नाही. पाऊस थांबावा असे तुला वाटते का, एवढेच ती होदाकाला विचारते, आणि तो न समजता होकार देतो.

पुढे होदाका तिला परत आणतो. रेल्वेच्या रुळांवरून धावत जाणारा तो मुलगा आणि फलाटांवरून त्याला पाहणारे लोक, हा प्रसंग चित्रपटाचा कळस आहे. (ज्या गावाच्या नावातच रेल्वे आहे तेथील प्रेक्षकाला रुळांवरून धावणे किती गैर वाटते, हे सांगावयास नको. दिग्दर्शकालाही तेच अभिप्रेत असावे.) हवामान बिघडलेलेच राहू दे, असे तो तिला सांगतो. आणि खरोखरच जवळजवळ तीन वर्षे पाऊस पडतो, टोकियोचा मोठा भाग पाण्याखाली जातो.

मग ‘बहुजन हिताय’ या वचनाचे काय? होदाकाने एकीसाठी अनेकांचे अहित केले, असा आक्षेप आपल्यापैकी अनेक जण घेतील. मला तो मान्य नाही. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात पाण्याच्याच एका तंट्याची हकिकत सांगितली आहे. रोहिणीच्या पाण्यावरून शाक्यसंघाने कोलियांशी युद्धाचा ठराव केला. सिद्धार्थाने त्याला विरोध केला, दोन्ही बाजूंचे दोन दोन आणि त्या चौघांनी निवडलेला पाचवा अशा पंचांनी निवाडा करावा असे सुचविले. बहुमत विरुद्ध गेले. शिक्षा कुटुंबावर येऊ नये म्हणून त्याने स्वतः परिव्रज्या पत्करली. हा त्याग आहे. तो प्रौढ माणसाने जाणून, आपले म्हणणे मांडून, पर्याय सुचवून केलेला त्याग आहे. पंधरा वर्षांच्या अनाथ मुलीला स्वप्नात उचलून नेणे हा त्याग नव्हे. दीघनिकायातील कूटदन्त सुत्तातही तथागत ब्राह्मणाला ज्या यज्ञाची कथा सांगतात, त्यात राजाचा पुरोहित शेतकऱ्याला बी-बियाणे, व्यापाऱ्याला भांडवल आणि सेवकाला वेतन देण्याचा सल्ला देतो. त्या यज्ञात ना पशू मारले जातात, ना झाडे तोडली जातात, ना कोणाला वेठीस धरले जाते. बहुजनांचे हित साधण्याचा मार्ग असा आहे. २०१३ साली महाराष्ट्रात नरबळीविरोधी कायदा करावा लागला, यावरून ही शिकवण अजून किती दूर आहे ते कळावे.

माझा आक्षेप वेगळा आहे. बळी नाकारल्यानंतर काय, या प्रश्नापाशी चित्रपट थकतो. शहर बुडाले, परंतु सखल भागात कोण राहत होते? फुमी ही वृद्ध स्त्री, जिच्या पतीच्या निधनानंतरच्या पहिल्या ‘ओबोन’च्या दिवशी हिनाने ऊन आणले होते, ती आता आपले जुने घर सोडून एका लहान सदनिकेत राहते. हा भाग पूर्वी समुद्रच होता, असे ती शांतपणे म्हणते. तिची ही शांतता सुंदर आहे. अनित्यतेची जाण तीत आहे. पण अनित्यता जाणणे आणि बेघर झालेल्याची विचारपूस न करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. सर्व प्रश्न दोन किशोरांच्या प्रेमात विरघळतो. हिना ही होदाकाची प्रेयसी नसती, तर तो धावला असता काय? याचे उत्तर चित्रपट देत नाही. होदाकाच्या हाती लागलेल्या पिस्तुलाचा वापरही असाच अविचाराने येतो. दोनदा गोळी सुटते आणि कथा तिचा हिशेब न करता पुढे जाते.

तरीही शेवटाजवळचा एक क्षण विसरता येत नाही. जग मुळातच असे आहे, तुमच्यामुळे काही झालेले नाही, असे म्हणून सुगा होदाकाला समजावू पाहतो. प्रौढांचे हे सोयीचे सांत्वन मुलगा स्वीकारीत नाही. रस्त्यात एकटी हात जोडून उभी असलेली हिना त्याला दिसते, तेव्हा त्याला कळते की जग आपण बदलले आहे, आपण निवड केली आहे. कम्म म्हणजे चेतना, असे तथागतांनी सांगितले आहे. त्या मुलाने हे कोणत्याही विहारात ऐकलेले नाही. तो पावसात तिच्याकडे धावत जातो.