परवाना एक, कायदे अनेक

मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे ज्यावर कोणाचाच हक्क नाही ते, असा समज शिक्षकांतही आढळतो. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. लेखकाचा स्वामित्वहक्क शाबूत असतो, म्हणूनच तो 'वापरा, बदला, वाटा. पण मूळ संहिताही सोबत द्या' अशी अट घालू शकतो. हक्कच नसेल तर अट कसली? आणि हा हक्क देतो तो त्या त्या देशाचा कायदा. बर्न करारामुळे परदेशी कृतीलाही संरक्षण मिळते, पण ते तिथल्या नियमांनुसार. साऱ्या जगाला लागू असा एकच स्वामित्वहक्क अस्तित्वात नाही. परवाने मात्र तो आहे असे गृहीत धरून लिहिलेले दिसतात, ही आमची तक्रार आहे.

जून १९९१ मध्ये निघालेली जीपीएलची दुसरी आवृत्ती पाहू. लिनक्सचा गाभा आजही याच परवान्याखाली मिळतो. मसुदा कच्चा नाही. सिटकॉम या कंपनीने 'नेटफिल्टर' हा प्रोग्रॅम आपल्या उपकरणात घातला, पण मूळ संहिता दिली नाही, तेव्हा २००४ मध्ये म्युनिकच्या न्यायालयात त्याचा कस लागला. न्यायालयाचा युक्तिवाद गणिताच्या शिक्षकांना आवडेल. परवाना वैध मानला तर अट मोडल्याने परवानगी संपली. अवैध मानला तर परवानगी मुळात नव्हतीच. दोन्हीकडून उत्तर एकच!

भारतात अडचण वेगळीच आहे. आपल्या १९५७ च्या कायद्यात १९८४ च्या दुरुस्तीने संगणक प्रोग्रॅम 'साहित्यकृती' ठरले. (कादंबरी आणि प्रिंटरचा ड्रायव्हर एकाच फळीवर!) याच कायद्याचे कलम १९ सांगते की, हक्क दुसऱ्याला देताना मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षे समजावी, आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता धरावा. कलम ३०-अ हा नियम आवश्यक त्या फेरफारांसह परवान्यांनाही लावते. जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीत ना मुदत, ना प्रदेश. एमआयटी परवान्यातही नाही. त्याच्या आटोपशीरपणाचे कौतुक होते, पण इथे तोच नडतो. कलम शब्दशः वाचले तर प्रती काढण्याची व वाटण्याची परवानगी ५ वर्षांनी संपते, असा अर्थ निघू शकतो. लेखकांच्या मनात हे नव्हते हे उघड आहे. पण मसुद्यात मोकळी जागा राहिली की कायदा ती आपल्या पद्धतीने भरतो.

जीपीएलच्या २००७ च्या तिसऱ्या आवृत्तीने यातून धडा घेतलेला दिसतो. परवानगी स्वामित्वहक्काच्या मुदतीइतकी, असे तिने स्पष्ट लिहिले. 'वितरण' या शब्दाचा अर्थ देशोदेशी बदलतो, म्हणून स्वतःचे नवे शब्द व्याख्येसह योजले. एवढे करूनही 'जगभर' हा शब्द पेटंटच्या कलमातच राहिला! २००४ च्या अपाचे परवान्यात मात्र 'कायमस्वरूपी' आणि 'जगभर' हे दोन्ही शब्द आहेत. त्या बाबतीत तो आम्हाला उजवा वाटतो.

मग हक्कच सोडून दिला तर? जर्मनीत लेखकाला स्वामित्वहक्क असा सोडता येत नाही. 'एसक्यूलाइट' ही माहिती साठवण्याची प्रणाली मोबाइल फोनांतही असते, आणि तिच्या लेखकांनी ती सार्वजनिक मालकीची म्हणून जाहीर केली आहे. तरीही असा त्याग न मानणाऱ्या देशांतील कंपन्यांना तेच लेखक पैसे घेऊन रीतसर लेखी परवाना देतात.